आधाराचा कुत्रा, कामाचा कुत्रा आणि तिकिटाचा कोंबडा

(आदिलाबाद जिल्ह्यातल्या नवशिक्या प्राणीपालकांसाठी सात पायऱ्यांची मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

ज्यांना कुत्र्याशिवाय करमत नाही आणि ज्यांना कुत्र्यासकट कुठेच घेत नाहीत, अशा सर्वांसाठी. अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर "मामा, इथे मॉलमध्येसुद्धा कुत्रा नेतात" असं सांगितल्यावर ज्यांची त्या रात्रीची झोप उडाली, त्यांच्यासाठी तर खासच.

साहित्य: कुत्रा एक. साखळी एक. नारंगी जाकीट एक (रस्त्याच्या कामावर मजूर घालतात ते, शिंप्याकडून लहान करून घ्यावं). लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट एक. लाज, चवीपुरती.

नमुन्यादाखल या मार्गदर्शिकेत आमच्या वाघ्याचा वापर केला आहे. मुक्काम बेला मंडल, गावठी वाण, रंग मातकट. महाराष्ट्रातल्या टिपेश्वरच्या अभयारण्यातले खरे वाघ पैनगंगा ओलांडून तेलंगणातल्या आमच्या जिल्ह्यात भीमपूरकडे येतात, त्यामुळे शेतात उभं राहून "वाघ्या, वाघ्या!" अशी हाक मारू नये. कापूस वेचणाऱ्या बाया एकदा गाठोडी टाकून पळाल्या होत्या. त्या वाघांना राज्याची हद्द लागत नाही आणि तिकीटही लागत नाही. ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी नाही.

पायरी १ : आपला प्राणी कोणत्या खात्यात बसतो ते ठरवा

खाती तीन. पहिलं खातं घरच्या प्राण्याचं. तो आपला लाडका असतो, बाकी जगाला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

दुसरं आधाराच्या प्राण्याचं. तो जवळ असला की माणसाचा जीव शांत होतो, धडधड कमी होते, रात्र निघते. त्याला काही शिकवलेलं नसतं. तो नुसता असतो, आणि त्याचं असणं हेच औषध. हे थट्टेवारी नेऊ नका. मन आजारी असलेल्या माणसाला कधी कधी एवढाच आधार उरलेला असतो.

तिसरं कामाच्या कुत्र्याचं, म्हणजे सेवा कुत्र्याचं. याला एका माणसाच्या एका अपंगत्वासाठी ठरावीक काम शिकवलेलं असतं. अंधाला रस्ता दाखवणं, ऐकू न येणाऱ्याला दाराची घंटा वाजल्याचं कळवणं, फिट येणाऱ्याजवळ थांबून मदत मिळवणं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग इथे १९१६ साली अशा कुत्र्यांची शाळा निघाली. अमेरिकेतला मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची कुत्री घेऊन आला आणि १९२८ साली न्यूयॉर्कमधला भरधाव रस्ता तिने त्याला वार्ताहरांदेखत पार करून दाखवला. या कुत्र्यांच्या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा हुकूम न पाळण्याचा असतो. मालक म्हणतो "चल", समोरून गाडी येत असते, तर कुत्र्याने जागचं हलायचं नाही.

आता वाघ्या. हुकूम न पाळण्यात तो जन्मतःच पारंगत आहे. कामही करतो. रात्री कापसात रानडुक्कर शिरलं की तो ताबडतोब घरी येऊन माझ्या खाटेखाली लपतो. त्यावरून आम्हाला डुक्कर आल्याचं कळतं. ही सेवा की आधार, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. बायकोच्या मते इथे आधार वाघ्याला मिळतो आणि सेवा मी करतो.

पायरी २ : हक्क परदेशातून मागवा

आपल्याकडे कुठलीही गोष्ट अमेरिकेत चालते म्हटलं की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. म्हणून तिथला कायदा बघू.

तिथे अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा. त्याखालच्या २०११ पासून लागू असलेल्या नियमांत सेवा प्राणी म्हणजे फक्त कुत्रा (ठेंगण्या घोड्यासाठी एक वेगळी सवलत आहे; आपल्याकडच्या टांगेवाल्यांनी आशा लावून घेऊ नये). हा कुत्रा हॉटेलात, दुकानात, दवाखान्यात मालकाबरोबर जाऊ शकतो. दारावरच्या माणसाने दोनच प्रश्न विचारायचे: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का? आणि याला काय काम शिकवलंय? आजार कोणता, ते विचारायचं नाही. कागद मागायचा नाही, कारण असा कोणता सरकारी कागद तिथे नाहीच. पण कुत्रा आवरत नसेल, घाण करत असेल, तर बाहेर काढायची मुभा आहे.

आधाराच्या प्राण्याला यातलं काही लागू नाही. त्याला भाड्याच्या घरात राहू देण्याबद्दल तिथे वेगळा कायदा आहे, पण हॉटेलात हक्काने नेता येत नाही. विमानात मात्र बरीच वर्षं चालायचं. लोकांनी त्याचं काय केलं? डुक्कर आणलं, बदक आणलं. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्कच्या विमानतळावर एक बाई आधाराचा मोर घेऊन आल्या. मोराचं नाव डेक्स्टर. कंपनीने नेलं नाही. शेवटी ११ जानेवारी २०२१ पासून नियम बदलला आणि आधाराच्या प्राण्याला विमानात वेगळी वागणूक द्यायची सक्ती संपली. मोराने पिसारा फुलवला आणि ज्यांना कुत्र्याशिवाय खरंच श्वास घेता येत नव्हता त्यांची जागा गेली.

भाच्याने हे सगळं सांगितलं नव्हतं. त्याने मॉल एवढंच सांगितलं होतं.

पायरी ३ : सर्टिफिकेट काढा

आदिलाबादच्या माणसाला कागदांची भीती दाखवू नका. शेजारच्या आसिफाबाद जिल्ह्याच्या हद्दीवर, जिवती आणि केरामेरीच्या मध्ये बारा गावं आहेत, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन राज्यांची कार्डं असतात. जिथे एका माणसाची दोन कार्डं निघतात तिथे एका कुत्र्याचं एक निघायला काय हरकत?

म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. इंटरनेटवर पैसे भरले की आधाराच्या प्राण्याचं सर्टिफिकेट देणारे पुष्कळ आहेत. त्यातलाच एक नमुना काढून घेतला. वर अशोकस्तंभासारखं काहीतरी, खाली शिक्का, मधे इंग्रजी. दुकानदाराने संगणकावरून मान वर केली आणि विचारलं,

"भाऊ, फोटो कोनाचा लावू? तुमचा का कुत्र्याचा?"

मी म्हणालो, "कुत्र्याचा." आणि तिथेच चुकलो.

कारण सगळा कायदा त्या झेरॉक्सवाल्याच्या प्रश्नात होता. हक्क कुत्र्याचा नसतो, माणसाचा असतो. अंध माणसाला बसमध्ये चढायचा हक्क आहे. कुत्रा ही त्याची काठी. काठीचं सर्टिफिकेट कोणी काढतं का?

भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत. कुत्र्यासाठी त्यात वेगळं कलम नाही. पण एखाद्याला इतरांच्या बरोबरीने वावरता यावं म्हणून वाजवी सोय करून द्यावी, हे तत्त्व आहे, आणि कामाच्या कुत्र्याची बाजू मांडायची झाली तर त्याच्याच आधाराने मांडावी लागते. दाखला निघतो तो माणसाच्या अपंगत्वाचा. त्यासाठी अर्ज करायचा, डॉक्टरांपुढे जायचं. आधाराच्या प्राण्याचं सरकारी सर्टिफिकेट अशी चीज आपल्याकडे नाही. जे मिळतं तो रंगीत कागद. आणि स्वतःलाच खोटं अपंग दाखवून सवलत घ्यायचा विचार असेल, तर त्याच कायद्याचं कलम ९१ वाचून घ्या: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

इथे आमच्या गावचे एक कीर्तनकार बुवा आठवतात. ते म्हणतात, धर्मराजाने जन्मात एकदाच अर्धं खोटं सांगितलं, तेही एका प्राण्याच्या नावाआड लपून. अश्वत्थामा गेला, माणूस की हत्ती कोण जाणे. त्याबरोबर जमिनीला न टेकणारा त्याचा रथ चार बोटं खाली आला. पुढे स्वर्गाच्या दाराशी इंद्राने कुत्र्याला मनाई केली, तेव्हा हा कामाचा कुत्रा आहे असं तो म्हणाला नाही. कुत्रा नाही तर मीही येत नाही, एवढंच म्हणाला. धर्मराजाला दोन्ही वाटा ठाऊक होत्या. मी मात्र लॅमिनेशनचे वीस रुपये देऊन पहिलीच धरली.

पायरी ४ : बसचा सराव

बसमध्ये प्राण्यांचे हक्क समजून घ्यायचे तर कोंबड्यापासून सुरुवात करावी. फेब्रुवारी २०२२ मध्ये पेद्दपल्लीहून करीमनगरला निघालेल्या एका प्रवाशाने कापडात गुंडाळून कोंबडा आणला होता. वाटेत कापड हललं. कंडक्टरने आत कोंबडा बघितला आणि त्याचं ३० रुपयांचं तिकीट फाडलं. सजीव आहे, सीटवर आहे, मग तिकीट आहे. हा साधा तर्क राज्यभर गाजला. पुढे अधिकाऱ्यांनी सांगितलं की नियमाप्रमाणे प्राणी बसमध्ये नेताच येत नाही. म्हणजे त्या कोंबड्याकडे तिकीट होतं पण प्रवेशाचा हक्क नव्हता. आधाराच्या प्राण्याची कायद्यातली जागा यापेक्षा सोपी करून सांगता येणार नाही.

कर्नाटकात मार्च २०२४ मध्ये बंगळूरहून म्हैसूरला निघालेल्या एका आजीचा आणि नातीचा प्रवास महिलांच्या योजनेत फुकट झाला, आणि पिंजऱ्यातल्या चार पोपटांचं तिकीट लागलं ४४४ रुपये. आपल्याकडेही महालक्ष्मी योजनेत ९ डिसेंबर २०२३ पासून बायांना झिरो तिकीट मिळतं. पण आधार कार्डासारख्या ओळखपत्रावर पत्ता तेलंगणाचा हवा. महाराष्ट्रातल्या किनवटच्या आमच्या आत्याला अजून पूर्ण पैसे पडतात. 'आधार असल्याशिवाय फुकट नाही' हे कंडक्टरबाईंचं वाक्य ऐकून मला उगाच वाटलं की त्या आपल्याच विषयावर बोलतायत.

आता प्रत्यक्ष सराव. पल्ले वेलुगु, म्हणजे खेड्यांची साधी बस निवडा. कुत्र्याला जाकीट चढवा, गळ्यात सर्टिफिकेट अडकवा आणि काही विशेष नाही असा चेहरा करून पायरीवर पाय ठेवा. आमच्याकडे नकार तीन भाषांत मिळतो, त्यामुळे समजलं नाही असं म्हणायची सोय नाही.

"कुक्कनि एक्किंचोद्दु."

मी सर्टिफिकेट दाखवलं.

"कुत्ते को नक्को."

मी अमेरिकेचं नाव घेतलं. कंडक्टरबाईंनी सर्टिफिकेट हातात घेतलं, वाघ्याच्या फोटोकडे बघितलं, मग वाघ्याकडे बघितलं. वाघ्या त्या क्षणी जाकिटाची बाही चावत होता.

"भाऊ," त्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "हा करतो काय?"

हाच तो अमेरिकन कायद्यातला दुसरा प्रश्न. तो विचारायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. बसच्या पायरीवर उभं राहिलं की तो आपोआप सुचतो. मला उत्तर सुचलं नाही.

पायरी ५ : रेल्वे आणि विमान

रेल्वेचं सगळं नियमात लिहिलेलं आहे. पहिल्या वर्गाचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तर कुत्रा सोबत नेता येतो. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत. दोन्हीकडे पावती सामानाची. स्लीपर, एसी थ्री टायर, चेअर कार इथे मनाई. बुकिंग न करता नेलेला सापडला तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. कुत्र्याचा हुद्दा मात्र सामानाचाच राहिला. नंदीग्राम एक्स्प्रेसच्या नावात नंदी आहे म्हणून कोणी बैल घेऊन स्टेशनवर जाऊ नये, ही सूचना वेगळी द्यायला लागू नये.

विमानाबद्दल थोडक्यात. आपल्या जिल्ह्यातून विमान उडत नाही. नागपूर किंवा हैदराबाद गाठावं लागतं. तिथे एक गोष्ट ध्यानात येईल. ज्या कंपन्या पाळीव प्राणी घेतच नाहीत, त्यांच्यातही दिव्यांग प्रवाशाच्या शिकवलेल्या कुत्र्याला जागा मिळते. लसीकरणाचे आणि शिक्षणाचे कागद मागतात, पट्टा मागतात. जाकिटाचा रंग विचारत नाहीत.

पायरी ६ : सार्वजनिक ठिकाणी कसं वागावं (कुत्र्याने)

आतापर्यंतच्या पायऱ्या माणसासाठी होत्या. ही कुत्र्यासाठी आहे, आणि नवशिके नेमकी हीच गाळतात.

कामावरचा कुत्रा सीटखाली घडी घालून बसतो. शेजारच्याच्या डब्यातल्या भाकरीकडे बघत नाही. दुसरं कुत्रं भुंकलं तर भुंकत नाही. अनोळखी माणूस कुरवाळायला आला तरी जागचा हलत नाही, म्हणून जाणते लोक त्याला कुरवाळतही नाहीत. यामागे महिनोन्महिने मेहनत असते. आपल्याकडे असे कुत्रे फार थोडे, त्यांना शिकवणारे त्याहून थोडे. म्हणून बसच्या पायरीवर कंडक्टरला दिसणारा पहिला जाकीटवाला कुत्रा बहुधा आपल्यासारख्याचाच असतो.

बसमधून उतरवल्यावर मी वाघ्याला घेऊन स्टँडवरच्या बाकावर बसलो. दुपारची वेळ. शेंगदाणेवाला ओरडत होता. फलाटाच्या कडेने एक अंध गृहस्थ पांढरी काठी टेकत येत होते. काठी डावीकडे टक्, उजवीकडे टक्, एक पाऊल. खांबाला लागली की थांबायचं, चाचपायचं, पुन्हा टक् टक्. कोणती बस लागली ते आवाजावरून ओळखत होते, आणि खात्री करायला हवेत विचारत होते, "किनवट? किनवट का ही?"

वाघ्याने ती काठी बघितली. शेतात त्याच्याशी आम्ही काठीचाच खेळ खेळतो. साखळी माझ्या हातातून निसटली. पुढच्या क्षणी नारंगी जाकीट घातलेला, गळ्यात सर्टिफिकेट अडकवलेला माझा सेवा कुत्रा त्या माणसाच्या हातातली काठी तोंडात धरून सिमेंटच्या ओट्याभोवती गोल गोल पळत होता. शेपूट हलवत.

ते गृहस्थ जागच्या जागी उभे राहिले. दोन्ही हात थोडे पुढे, बोटं पसरलेली. कुत्रा चावेल की नाही, फलाटाची कड किती लांब आहे, काठी कुठे गेली, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. पोरं हसली. कंडक्टरबाई बसमधून खाली उतरल्या, त्यांनी त्या माणसाचा दंड धरला आणि माझ्याकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत.

काठी मी परत दिली. तिच्या टोकाचं रबर वाघ्याने चावून टाकलं होतं.

उद्या जिल्ह्यात कोणी खरा, शिकवलेला कुत्रा घेऊन त्या बसच्या पायरीवर आलं, तर त्या बाईंना आधी वाघ्या आठवेल. माझ्या वीस रुपयांच्या लॅमिनेशनची ही खरी किंमत. ती मी भरलेली नाही. जो कोणी येईल तो भरेल.

पायरी ७ : शंकासमाधान

मग आधाराच्या प्राण्याला काहीच हक्क नाही का?
घर ही त्याची हक्काची जागा. नुसता कुत्रा पाळला म्हणून सोसायटीला तुम्हाला हाकलता येत नाही की त्याला लिफ्टबंदी करता येत नाही, असं पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना सांगतात. आदिलाबादेत लिफ्ट शोधण्याची जबाबदारी आपली.

स्टँडवर इतकी कुत्री असतात, त्यांना कोण विचारतं?
आता विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं इथून भटकी कुत्री हलवायचे आदेश दिले. सर्टिफिकेटशिवाय सगळीकडे जाणारा एकच वर्ग होता, त्याचंही दार बंद व्हायला लागलं.

रस्त्यात कामाचा कुत्रा भेटला तर काय करावं?
काही करू नये. हाक मारू नये, खायला देऊ नये, वाट द्यावी. बोलायचं तर माणसाशी बोलावं.

कामाचा प्राणी आणि आधाराचा प्राणी, दोन्ही एकच असू शकतो का?
आमच्या भागात पोळ्याच्या दिवशी बघा. आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून शेकतात, जेवायचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, गोंडे, मारुतीपुढून मिरवणूक, आणि मग तो घराच्या दारात येतो. घरची लक्ष्मी पायावर पाणी घालते, पुरणपोळी भरवते. त्या दिवशी कुठलंच दार त्याला बंद नसतं. त्याला कोणी कागद मागत नाही. बैलाच्या मानेवर हात फिरवला की जुवाने पडलेला घट्टा लागतो, कातड्यासारखा कडक. तोच त्याचा दाखला. तो लॅमिनेशन करून मिळत नाही.

वाघ्याचं पुढे काय झालं?
जाकीट काढलं. आता ते खाटेखाली अंथरलेलं असतं आणि डुक्कर आलं की तो त्यावर येऊन बसतो. किनवटला मी एकटा जातो. परत येताना बस फाट्यावर थांबते, तिथून घर अर्धा किलोमीटर. तेवढ्या अंधारात तो समोरून पळत येतो. त्याला ते कोणी शिकवलेलं नाही, म्हणून ती सेवा धरता येत नाही. त्या स्टँडवरच्या माणसासाठी मी काठीचं रबर विकत घेऊन खिशात ठेवलं आहे. गाठ अजून पडलेली नाही.